मूत्रपिंड-रोपणानंतरचे औषध : एकाला पुरते ते दुसऱ्याला का पुरत नाही?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ठाणाकुशनूर येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



अशा प्रसंगी बोलणाऱ्याने संस्थेचा इतिहास सांगावा व संस्थापकांचे स्मरण करावे असा प्रघात आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मला चिटणीसांनी विज्ञानातील एखादा उपयोगाचा विषय मांडण्यास सांगितले. मी पेशाने शिक्षक आहे. मुलांना विज्ञान व गणित शिकवितो. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यावरून कोणी आपल्या गोळ्यांचे माप ठरवू नये. किंबहुना, ते माप आपण होऊन कधीही ठरवू नये, एवढेच सांगण्यासाठी मी उभा राहिलो आहे. हा विषय निवडण्याचे कारण माझ्या घरातले आहे, आणि त्यात चूक माझी आहे. ती आधी सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे ऐन विशीत निकामी झाली. वर्षभर डायलिसिसवर काढले. शेवटी आपाने आपले एक मूत्रपिंड दिले आणि हैदराबादेस रोपण झाले. त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी, आपल्याच भागातल्या एका मराठा कुटुंबातील तरुणाचेही रोपण झाले. दोघे वयाने सारखे, वजनाने सारखे. दोघांच्या आया एकाच बाकावर बसत. एकीच्या डब्यातली भाकरी दुसरी खाई. गावी परतल्यावरही येणेजाणे राहिले. असेच एकदा गोळ्यांचे बोलणे निघाले. टॅक्रोलिमस नावाचे औषध दोघांनाही होते. तो मुलगा सकाळी दोन व रात्री दोन मिलिग्रॅम घेई. आमचा भाचा सकाळी चार आणि रात्री चार.

आपा घरी येऊन मला म्हणाली, "भाई, तू शिकलेला आहेस. दोन्ही पोरे एकाच हाडापेराची. मग माझ्याच लेकराला दुप्पट कशाला? औषध कडक आहे म्हणतात. पैसाही दुप्पट जातो."

मी शिकलेला होतो हीच अडचण झाली. वजन सारखे तर मात्रा सारखी, असे त्रैराशिक मी मांडले आणि मात्रा शेजाऱ्याच्या बरोबरीने आणावयास संमती दिली. डॉक्टरांना विचारले नाही. तीन आठवड्यांनी मुलाचे पाय सुजले. हैदराबादेस नेले तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन १.२ वरून २.३ वर गेले होते. औषधाची पातळी पूर्वी आठच्या वर असे, ती ३.९ निघाली. शरीराने आईच्या मूत्रपिंडावर हल्ला सुरू केला होता. सुई घालून तुकडा काढून तपासला, तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले, आणि अल्लाच्या कृपेने मूत्रपिंड वाचले. पण क्रिएटिनिन १.६ वर येऊन थांबले, १.२ वर पुन्हा गेले नाही. हा जो चार दशांशांचा फरक आहे, तो माझ्या त्रैराशिकाचा आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, शेजाऱ्याचा चष्मा लावून कोणी वाचतो का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी नंतर पुष्कळ वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले. त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, हे औषध लागते कशासाठी? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेशीवरच्या चौकीदारासारख्या असतात. परका दिसला की हटकावयाचे, हे त्यांचे काम. आईचे मूत्रपिंड झाले तरी त्यांच्या लेखी ते परकेच. एकसारख्या जुळ्या भावंडांत मात्र हा भेद नसतो. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी रोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये झाले. इतरांसाठी चौकीदाराला थोडी गुंगी देणारे औषध सापडणे भाग होते. १९६० नंतर अॅझाथायोप्रिन आले. पुढे नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. त्यास १९८३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. १९८४ साली जपानातील त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीतील एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडले. आज बहुतेक रुग्णांना तेच देतात. म्हणजे ही दोन्ही औषधे मातीतून आली, हे आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलखात सांगण्यासारखे आहे.

आपल्या देशात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड-रोपणाचा पहिला प्रयत्न झाला. रोगी फार दिवस जगला नाही. १९७१ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात यश आले. १९९४ साली अवयव-रोपणाचा कायदा झाला. एका पिढीपूर्वी जे ऐकूनही खरे वाटले नसते, ते आज आपल्या घरांतून घडते आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. औषधाची मात्रा आणि रक्तातील पातळी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या शिवारातले उदाहरण घेऊ. एकाच दिवशी, एकाच ढगातून, दोन रानांवर सारखाच पाऊस पडतो. काळ्या रानात पाणी चार दिवस तुंबून राहते. मुरमाड रानातून ते संध्याकाळपर्यंत निचरून जाते. पाऊस सारखा, ओल सारखी नाही. गोळी हा पाऊस, आणि रक्तातील पातळी ही ओल. शरीर औषध किती वेगाने काढून टाकते, त्यास आपण निचरा म्हणू. हिशेब अगदी सरळ आहे : शरीरात पोचलेल्या मात्रेला निचऱ्याने भागले की सरासरी पातळी येते. निचरा दुप्पट असेल तर तेवढ्याच मात्रेत पातळी निम्मी. माझ्या भाच्याचा निचरा त्या तरुणाच्या दुप्पट होता. चार-चारच्या मात्रेत त्याची जी पातळी राही, तीच त्या मुलाची दोन-दोनमध्ये राही. बाहेरून दुप्पट दिसणारे औषध आतून सारखेच होते.

ही पातळी मोजतात नॅनोग्रॅममध्ये. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रोपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत एका मिलिलिटर रक्तात सुमारे ८ ते १२ आणि पुढे सुमारे ५ ते ८ नॅनोग्रॅम, असा साधारण पल्ला असतो. रोग्यानुसार डॉक्टर तो ठरवितात. खाली गेले तर चौकीदार जागा होतो. वर गेले तर हात कापतात, साखर वाढते, साधे जंतूही शिरजोर होतात. आणि विचित्र गोष्ट अशी की जे मूत्रपिंड वाचवावयाचे त्यालाच हे औषध अपाय करते. वाट अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना विहीर आहे.

पुष्कळांचा समज असा की औषध मूत्रपिंडावाटे जात असेल; सबब मूत्रपिंड चांगले चालले की औषध लवकर जात असेल. तसे नाही. टॅक्रोलिमसचा निचरा मुख्यतः यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात होतो. तेथे काही विकरे असतात. त्यांची नावे सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५ अशी रुक्ष आहेत. तोंडावाटे घेतलेल्या औषधापैकी बराच भाग ही विकरे आतड्यातच मोडून टाकतात. सरासरीने चौथा हिस्साच रक्तात पोचतो. पण कोणात विसावा हिस्सा, तर कोणात बहुतेक सगळे, इतके अंतर आढळले आहे.

ह्यातील दुसरे विकर, ए५, हे सर्वांत नसते. त्याच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडला की ते विकर तयारच होत नाही. मेंडेलचे वाटाणे आपण दहावीला शिकविले आणि शिकलो. तोच नियम येथे आहे. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. एक जरी चालती असली तरी विकर बनते, आणि अशा माणसाला साधारणतः दीड ते दोन पट मात्रा लागते. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य लोकांत दोन्ही प्रती बंद असतात. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांत निदान एक चालती असते. आपण भारतीय मधले. येथे दोन्ही प्रकारची माणसे भरपूर. म्हणून पुस्तकातली सरासरी मात्रा आपल्याकडे सर्वांनाच नेमकी बसेल असे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. हा भेद जातीचा वा धर्माचा नाही. एका आईच्या पोटी आलेल्या दोन भावांत तो असू शकतो. आईबापांची एकेक प्रत चालती आणि एकेक बंद असेल, तर सरासरीने चारांतील एका मुलात विकर मुळीच नसेल आणि तिघांत असेल. शिवाय मूत्रपिंड कोणाचे, ह्यालाही येथे फारसे महत्त्व नाही. निचरा घेणाऱ्याच्या यकृतावर व आतड्यावर ठरतो. आपाला कोणती मात्रा पुरली असती ह्यावरून तिच्या मुलाची मात्रा ठरत नाही.

मग जनुक तपासून मात्रा ठरवावी, असे कोणी म्हणेल. तशी तपासणी निघाली आहे. २०१० साली फ्रान्समध्ये २८० रुग्णांवर हा प्रयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. जनुक पाहून मात्रा दिलेल्यांपैकी शेकडा ४३ जणांची पातळी पहिल्या काही दिवसांतच पल्ल्यात आली. नेहमीच्या पद्धतीने दिलेल्यांत शेकडा २९ जणांची. तथापि, मूत्रपिंड नाकारले जाण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही; कारण दोन्ही गटांत रक्त तपासून मात्रा सुधारली जातच होती. त्यातून मी असा बोध घेतला की पहिले पाऊल जनुक दाखवील, पण पुढची सारी वाट रक्त मोजूनच चालावी लागते. भारतात औषधाची रक्तातील पातळी मोजून मात्रा ठरविण्याचा मार्ग १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या संस्थांनी घालून दिला. आज मोठ्या शहरांतून ही सोय आहे.

जनुक जन्मभर बदलत नाही. पण निचरा बदलतो. ह्याची कारणे आपल्या घरांत रोज घडणारी आहेत. ती लक्षात ठेवावीत अशी माझी विनंती आहे.

पहिले कारण इतर औषधे. आपल्या भागात क्षय अजून पुष्कळ आहे, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला तो लवकर गाठतो. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध त्या विकरांना असे काही कामाला लावते की टॅक्रोलिमसची मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते. क्षयाचा उपचार संपला की विकरे दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतात. मग वाढविलेली मात्रा तशीच राहिली तर पातळी चढते. फिट्सवरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधेही निचरा वाढवितात. उलट बाजूला, बुरशीवरच्या गोळ्या निचरा अडवितात. गजकर्णाने हल्ली किती घरे त्रस्त आहेत हे सांगावयास नको. ज्या तरुणाचा मी उल्लेख केला, त्याने एका दुकानातून गजकर्णाच्या गोळ्या विचारल्यावाचून आणून खाल्ल्या. आठवड्यात त्याचा हात असा कापू लागला की चहाची बशी धरवेना. तपासले तर पातळी अडीच पट झाली होती. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबावरचे डिल्टियाझेम, हीही पातळी वाढवितात. गंमत अशी की हाच गुण ओळखून, औषध महाग असल्यामुळे, कित्येक डॉक्टरांनी केटोकोनाझोल किंवा डिल्टियाझेम मुद्दाम जोडीस देऊन कमी गोळ्यांत काम भागविले आहे. जाणत्याच्या हातात जी काटकसर, ती अजाणत्याच्या हातात विषबाधा.

दुसरे कारण खाणेपिणे. तुपकट जेवणाबरोबर हे औषध कमी शोषले जाते. म्हणून रोज एकाच रीतीने, उपाशीपोटी तर उपाशीपोटी, घ्यावे. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचे पपनस आतड्यातील विकर बंद पाडतात. ती फळे टाळावीत. झाडपाल्याचे काढे, कोणी कितीही विश्वासाने दिले तरी, डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसरे कारण जुलाब. आपल्याला वाटेल, जुलाबात औषध वाहून जाईल व पातळी उतरेल. बहुधा उलट होते. आतड्याचे अस्तर दुखावले की तेथील विकरांचे काम मंदावते आणि अधिक औषध रक्तात शिरते. तेव्हा जुलाब झाले म्हणून जादा गोळी घेणे हे दुप्पट संकट होय.

चौथे कारण काळ. रोपणानंतर जसजसे स्टेरॉइड कमी करतात, तसतसा निचरा मंदावतो. नवे मूत्रपिंड काम करू लागले की रक्त वाढते, आणि हे औषध तांबड्या पेशींना चिकटून राहणारे असल्यामुळे त्यानेही आकडा बदलतो. म्हणून पहिल्या वर्षात मात्रा उतरत जाते. लहान मुलांना वजनाच्या मानाने अधिक लागते, वृद्धांना कमी. ह्याखेरीज, एका कंपनीची गोळी सोडून दुसरीची घेतली तरी पातळी पुन्हा मोजून घ्यावी. केवळ स्वस्त मिळाली म्हणून गुपचूप बदलू नये.

रक्त तपासण्याची एक खुबी आहे. सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, रक्त द्यावयाचे असते. आम्ही एकदा ठाणाकुशनूरहून पहाटे निघालो. आपाने सवयीने मुलाला घरीच गोळी दिली आणि आकडा भलताच मोठा निघाला. फेरी व पैसे दोन्ही वाया गेले. आता ती गोळी फडक्यात बांधून नेते, आणि रक्त दिल्यावर मुलाच्या हातावर ठेवते.

रमजानविषयी मला नेहमी विचारतात, म्हणून दोन शब्द. गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्यावयाच्या असल्यामुळे सहरी व इफ्तार ह्यांचा मेळ काही ऋतूंत बसतो, काहींत बसत नाही. उन्हाळ्यात पाण्यावाचून राहणे हा निराळा धोका आहे. प्रकृती स्थिर असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर परवानगी देतात, काहींना देत नाहीत. धर्माने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. एकादशी आणि नवरात्र करणाऱ्या माझ्या भगिनींनाही हेच सांगणे. उपवास मोडला तर पुढे भरून काढता येतो. मूत्रपिंड गेले तर तसे करता येत नाही.

आता संस्थेपुढे एक मागणे ठेवतो आणि थांबतो. शस्त्रक्रियेसाठी झोळी फिरली की आपले लोक उदार हाताने देतात. माझ्या भाच्याच्या वेळी ठाणाकुशनूरच्या तीन आळ्यांतून वर्गणी आली. देणाऱ्यांत सर्व समाजांचे लोक होते. पण शस्त्रक्रिया एका दिवसाची, गोळी जन्माची. दुसऱ्या वर्षी कोणी विचारीत नाही, आणि त्याच वेळी घरातला कर्ता पुरुष, नाहीतर माझ्यासारखा शिकलेला मामा, मात्रेत काटकसर शोधू लागतो. संस्थेने ह्या महोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला काढून रोपण झालेल्यांच्या गोळ्यांसाठी व रक्ततपासणीच्या फेऱ्यांसाठी ठेवावी. पंधरा दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक राहतील अशी व्यवस्था करावी. पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर त्या उपयोगी येतील. प्रत्येक रोग्यास एक वही द्यावी : तारीख, मात्रा, पातळी, क्रिएटिनिन, आणि कोणते नवे औषध सुरू झाले वा बंद झाले. वही लिहून देण्याचे काम आमच्या शाळेतील वरच्या वर्गातील मुले आनंदाने करतील. त्यांचे विज्ञानही पक्के होईल. आणि एक कार्ड छापावे, त्यावर एवढेच : हा रोपण झालेला रोगी आहे, ह्यास कोणतेही नवे औषध देण्यापूर्वी विचारावे.

आज माझा भाचा सकाळी सात आणि रात्री सातला तीन-तीन मिलिग्रॅम घेतो. तो तरुण दीड-दीड घेतो. दोघांच्या पातळ्या जवळपास सारख्या आहेत. त्यांच्या आया अजून एकमेकींकडे जातात, भाकरी-भाजी वाटून खातात, पण गोळ्यांची तुलना करीत नाहीत. पोरांच्या वह्या मात्र दोघी उघडून बघतात. आपाला अक्षर येत नव्हते. आकडे ती आता वाचू लागली आहे.